लेकरं विसरत नाहीत : आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला एका शिक्षिकेचं खुलं पत्र

प्रति,
माननीय सदस्य, महाराष्ट्र राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण;
तसेच शालेय शिक्षण, आदिवासी विकास आणि सार्वजनिक आरोग्य विभागांतील अधिकारी

स. न. वि. वि.

मी रायगड जिल्ह्यातल्या डोंगराळ भागात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मूळची औसा तालुक्यातली. १९९३ मध्ये किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी तिसरीत होते. ही नोकरी मला भूकंपग्रस्त दाखल्यावर मिळाली, म्हणजे त्या भूकंपाशी असलेलं माझं नातं सरकारदरबारी नोंदलेलं आहे. घर किती पडलं, जनावरं किती दगावली, घरातलं कोण गेलं, हे सगळं तेव्हा पंचनाम्यात लिहून घेतलं गेलं. आठ वर्षांच्या मुलीचं त्या पहाटेनंतर काय झालं, याला मात्र त्यात रकाना नव्हता. त्या एका रकान्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

आदल्या रात्री गणपती बोळवून गाव झोपलं होतं. ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. आमची घरं माळवदाची. रुंद दगडमातीच्या भिंती, वर लाकडावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच वजन अंगावर आलं. किल्लारी आणि आसपासच्या गावांत जवळपास आठ हजार माणसं गेली. आमच्या घरातली दोन, आज्जी आणि थोरली बहीण.

माझा धाकटा भाऊ तेव्हा पाच वर्षांचा होता. पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेल्यावर त्यानं एक खेळ सुरू केला. दगडावर दगड रचून घर करायचा, आत बाभळीच्या शेंगा माणसं म्हणून निजवायचा आणि एका लाथेत घर पाडायचा. मग दगड उपसून शेंगा मोजायच्या. रोज तेच, दोनेक वर्षं. या खेळात तो कधी हसलेला मला आठवत नाही. पण मोठी माणसं बघायची आणि म्हणायची, "पोरगं खेळाया लागलं, सावरलं बघा." मला स्वतःला विसर्जनाच्या मिरवणुकीतला ताशा ऐकवत नसे. पोटात कळ यायची, हातपाय गार पडायचे. घरच्यांना वाटायचं, पोरीला उपास सोसत नाही. ताशाच्या त्या आवाजानंतरच जमीन हलली होती, हे माझं शरीर लक्षात ठेवून होतं. मला ते कळायला बाविसावं वर्ष उजाडलं, तेही डी.एड. झाल्यावर वाचनालयात सहज हाती लागलेल्या एका लेखामुळे.

त्या लेखात कॅलिफोर्नियातल्या चौचिला या छोट्या गावाची हकीकत होती. १५ जुलै १९७६ रोजी तिथली शाळेची बस तीन बंदूकधाऱ्यांनी अडवली. २६ मुलं आणि बसचालक यांना पळवून नेलं आणि एका दगडखाणीत पुरलेल्या मोठ्या ट्रेलरमध्ये कोंडलं. चालकानं आणि थोरल्या मुलांनी वरची माती उकरून वाट काढली. सगळी मुलं जिवंत घरी परतली. कुणाला मोठी इजा नव्हती, म्हणून गावानं सुटकेचा श्वास सोडला. मुलं आहेत, विसरतील, असंच तिथल्या मोठ्यांनाही वाटलं. काही महिन्यांनी लेनोर टेर या बालमनोविकारतज्ज्ञ तिथं गेल्या आणि एकेका मुलाशी बोलल्या. चार-पाच वर्षांनी त्या पुन्हा गेल्या. त्या प्रसंगाचा धसका न घेतलेलं एकही मूल त्यांना सापडलं नाही. मुलं पळवापळवीचा खेळ पुन्हा पुन्हा खेळत होती आणि त्या खेळात आनंद नव्हता. आपण मोठे होऊ, आपलं लग्न होईल, आपल्याला मुलं होतील, याची कित्येकांना खात्रीच उरली नव्हती.

तो लेख वाचला त्या रात्री मी भावाला फोन केला आणि शेंगांचं विचारलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मी ताईला शोधत होतो."

'धसका' हा शब्द आपल्या भाषेत किती जुना आहे पाहा. धसका घेणं, हाय खाणं, पोर भेदरणं. आपल्या आज्ज्यांना हे ठाऊक होतं. त्या दृष्ट काढायच्या, उतारा टाकायच्या, पोराला कुशीत घेऊन निजायच्या. त्यातल्या मीठमोहऱ्यांवर माझा विश्वास नाही, पण घाबरलेल्या लेकराजवळ कुणीतरी रोज संध्याकाळी बसतं आहे, हे त्यातलं खरं औषध होतं आणि मी त्याला कमी लेखणार नाही. आपत्तीत नेमकं ते बसणारं माणूसच गेलेलं असतं. किंवा असतं, पण त्याचंच चित्त थाऱ्यावर नसतं.

वैद्यकशास्त्रालाही मुलांकडे वळायला वेळ लागला. आघातानंतरच्या तणावविकाराला १९८० मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानसूचीत जागा मिळाली, ती मुख्यतः व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांमुळे. मुलांमध्ये तो वेगळा दिसतो, हे त्या सूचीत १९८७ मध्ये आलं आणि सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी स्वतंत्र निकष यायला २०१३ उजाडलं. मोठा माणूस म्हणतो, "मला ते सारखं आठवतं." मूल तसं म्हणत नाही. त्याचं पोट दुखतं, सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होतं, ते आईचा पदर सोडत नाही, नाही तर एकाएकी मारकुटं होतं. वर्गात ते 'लक्ष नाही' या शेऱ्याखाली जातं. कारण त्याचं लक्ष दाराकडे असतं, छपराकडे असतं, पावसाच्या आवाजाकडे असतं. धोका संपलाय, हे त्याच्या मेंदूतल्या पहारेकऱ्याला अजून कुणी सांगितलेलं नसतं.

माझ्या वर्गात असा एक मुलगा होता. कुठली वाडी, कुठलं वर्ष, हे लिहीत नाही; त्याला कुणी ओळखेल असं काही लिहिणं बरं नाही. दरड कोसळून वाडी गेली आणि तो काकांकडे राहायला आला, तिसरीत. आमच्याकडे मुलं चपला वर्गाबाहेर काढतात. हा काढायचा, पण पाऊस सुरू झाला की हळूच उठून चपला आत आणायचा आणि दप्तरात घालायचा. जागा कायम दाराजवळची. मी दोनदा रागावलेसुद्धा, आणि त्याचं आजही वाईट वाटतं. मी स्वतः त्याच वाटेनं आलेली, तरी मला ते ओळखायला चार महिने लागले. मग ज्यांनी असं काही सोसलेलंच नाही, त्या शिक्षकांना न शिकवता कसं कळावं?

एके दिवशी पोषण आहाराचे तांदूळ निवडत आम्ही दोघं बसलो होतो. मी काही विचारलं नव्हतं. तो आपणहून म्हणाला, "बाई, मला चप्पल सापडत नव्हती. म्हणून मी थांबलो. म्हणून आई मागं राहिली."

चार महिने हे ओझं त्या लेकरानं एकट्यानं वाहिलं होतं. डोंगर त्याच्या चपलेमुळे आला नव्हता, पण हे त्याला कुणी सांगणार कसं? त्याच्या मनात काय आहे, हेच कुणाला माहीत नव्हतं. मधल्या काळात त्या मुलांसाठी एका संस्थेचं पथक येऊन गेलं होतं. त्यांनी रंगपेट्या वाटल्या आणि सगळ्यांना गोल बसवून "त्या रात्री काय झालं ते सांगा" म्हटलं. दोन मुली रडायला लागल्या, एक मुलगा उठून पळाला. मग फोटो झाले आणि पथक गेलं, ते परत आलं नाही. त्या माणसांच्या हेतूबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण घटनेनंतर लगेच सगळ्यांना एकदाच बसवून घडलेलं सगळं बोलायला लावणं, ही पद्धत तपासली गेली आहे आणि तिचा उपयोग दिसलेला नाही. जागतिक आरोग्य संघटना ती करू नका म्हणते. त्याऐवजी २०११ पासून तिची मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका आहे आणि तिचं सार तीन शब्दांत सांगता येतं : पाहा, ऐका, जोडा. मूल सुरक्षित आहे का ते पाहा, ते बोललं तर ऐका, त्याच्या माणसांशी आणि हव्या त्या मदतीशी त्याला जोडा. बोलायला भाग पाडू नका. आणि घाबरलेल्या मुलाला झोपेच्या गोळ्या देऊन शांत करू नका, हेही त्या संघटनेनं स्पष्ट सांगितलं आहे.

सगळीच मुलं आजारी पडतात असं मी म्हणत नाही. जगभरच्या अभ्यासांची बेरीज केली, तर आघात सोसलेल्या मुलांपैकी साधारण सहातल्या एकाला हा विकार जडतो. बाकीची घर, शाळा, आपली माणसं यांच्या आधारानं काही महिन्यांत मार्गी लागतात. पण घटना जितकी भीषण, तितका हा आकडा चढतो. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळानंतर वर्षभरानं ४४७ मुलामुलींची तपासणी झाली. त्यांतल्या ३०.६ टक्क्यांना पूर्ण विकार होता आणि आणखी १३.६ टक्क्यांमध्ये त्याची बरीचशी लक्षणं होती. वर्षभरानंतर, बरं का. तोवर छपरं बसलेली असतात, बातम्या थांबलेल्या असतात.

उपचार नाहीत असं असतं, तर मी हे पत्र लिहिलं नसतं. उपचार आहेत आणि ते आपल्याला पेलणारे आहेत. सगळ्यात जास्त तपासलेली पद्धत अमेरिकेत ज्युडिथ कोहेन, अँथनी मॅनरिनो आणि एस्थर डेब्लिंगर यांनी घडवली. आघातावर केंद्रित अशी ही विचार-वर्तन उपचारपद्धती आहे. साधारण १२ ते १६ बैठका लागतात. आधी मुलाला आणि त्याच्या पालकाला सांगायचं, की तुला जे होतंय ते वेडेपण नाही, असं होतं. मग श्वास, अंग सैल सोडणं, भावनांना नावं देणं. मूल थोडं स्थिर झालं, की मग त्याच्या वेगानं, थोडं थोडं करून, घडलेल्या गोष्टीकडे जायचं. ते लिहील, चितारेल किंवा सांगेल. या वाटेवरच 'माझ्या चपलेमुळे' सारखी वाक्यं वर येतात आणि त्यांना हलक्या हातानं सोडवता येतं. शेवटी मूल आपली गोष्ट आपल्या मोठ्या माणसासमोर सांगतं आणि ते माणूस न कोसळता ती ऐकतं. आठवण पुसायची नसते. ती मागं घडून गेलेली गोष्ट आहे, आत्ता घडत नाहीये, हे मुलाच्या अंगवळणी पडायचं असतं.

यावर तुम्ही म्हणाल, इतके मानसोपचारतज्ज्ञ आणायचे कुठून? रास्त प्रश्न आहे. झांबियात लुसाका शहरात हाच प्रश्न होता. तिथं अनाथ आणि वंचित अशा २५७ मुलांवर ही पद्धत तपासली गेली आणि उपचार करणारे होते प्रशिक्षण दिलेले स्थानिक समुपदेशक, डॉक्टर नव्हेत. नेहमीची मदत मिळालेल्या मुलांपेक्षा उपचार मिळालेल्या मुलांची लक्षणं कितीतरी जास्त उतरली. डॉक्टर नसलेल्या माणसांना शिकवून मानसिक आरोग्याचं काम करवून घेता येतं, हे आपल्या शेजारी गोव्यात 'संगाथ' या संस्थेनं मोठ्यांच्या नैराश्याबाबत केव्हाच दाखवून दिलं आहे. आशाताई, अंगणवाडी सेविका, आश्रमशाळेच्या अधीक्षिका आणि आम्ही शिक्षक, एवढी माणसं या राज्यात गावोगाव आधीच उभी आहेत.

शिक्षकांचं तर मी हक्कानं सांगते. तुर्कस्तानात १७ ऑगस्ट १९९९ च्या भूकंपानंतर आधी शिक्षकांना सावरलं गेलं, मग तयार केलं गेलं, आणि त्यांनी आपापल्या वर्गात मुलांसोबत ठरलेला कार्यक्रम राबवला. तीन वर्षांनी तपासलं, तेव्हा त्या वर्गांतली मुलं इतरांपेक्षा शाळेत आणि घरी चांगली वागत-वावरत होती. त्याआधी, डिसेंबर १९८८ च्या आर्मेनियातल्या भूकंपानंतर, ग्युमरी शहरातल्या काही शाळांत किशोरवयीन मुलांना दीड वर्षानं थोडक्या बैठकांचा उपचार मिळाला, काही शाळांत मिळाला नाही. तीन वर्षं उलटल्यावर पाहिलं, तर उपचार मिळालेल्या मुलांची लक्षणं उतरली होती. न मिळालेल्यांची तशीच राहिली होती, काही बाबतींत वाढली होती. हे वाचून मला रडू आलं होतं. आर्मेनिया आमच्या भूकंपाच्या पाच वर्षं आधी. 'विसरतील' असं म्हणत थांबून राहण्याची किंमत किती, ती त्या न मिळालेल्या शाळांच्या आकड्यांत आहे. आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी तीच बाजू जगले.

किल्लारीत कुणी काहीच केलं नाही, असं मात्र नाही. भारतीय जैन संघटनेनं सुमारे १२०० मुलांना पुण्याला नेऊन शिकवलं. नळदुर्गला 'आपलं घर' उभं राहिलं. त्या माणसांनी मुलांना छप्पर, ताट आणि शाळा दिली, आणि रोजचं ठरलेलं जेवण, ठरलेली घंटा, ओळखीचा चेहरा ही धसक्यावरची पहिली मात्रा असते. मी मागते आहे ते त्याच्या पुढचं.

कागद तर आपल्याकडे आहेत. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा आहे. राष्ट्रीय प्राधिकरणानं मनोसामाजिक आधार आणि मानसिक आरोग्यसेवा यांवर मार्गदर्शक सूचना डिसेंबर २००९ मध्येच काढल्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून चालू आहे, आणि तो मी माझ्या वर्गाच्या भिंतीवर लिहिलाही आहे. पण आठ वर्षांचं मूल फोन करून "मला धसका बसलाय" असं सांगत नाही. त्याच्याकडे आपणच जायला हवं. ३० जुलै २०१४ ला माळीण दरडीखाली गेलं, २२ जुलै २०२१ ला तळिये, १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी. महिनाही तोच, डोंगरही तेच. पावसाळ्याआधी तुम्ही दरडप्रवण गावांची यादी करता, बोटी आणि जेसीबी कुठं ठेवायचे ते ठरवता. त्याच यादीसमोर हेही लिहा, की या गावातली मुलं कोणत्या शाळांत जातात आणि तिथं प्रशिक्षण घेतलेली दोन माणसं कोण आहेत.

दुर्घटना घडलीच, तर पहिल्या आठवड्यात मुलांना त्यांच्या उरलेल्या माणसांपासून तोडू नका आणि शाळा, भले ताडपत्रीखाली, लवकरात लवकर भरवा. कॅमेरे त्यांच्यापासून लांब ठेवा. आई गेलेल्या मुलाला "आता कसं वाटतंय" असं विचारणारा माईक मी पाहिला आहे. पण यापेक्षा माझा जोर पुढच्या काळावर आहे. एक महिन्यानं, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी आणि वर्षश्राद्धाच्या सुमारास, अशी चार वेळा प्रत्येक मुलाची चौकशी व्हावी. मराठीतली छोटी प्रश्नावली, ओळखीच्या माणसानं शांतपणे विचारलेली, आणि विचारायची ती मुलाला. आईबापांना किंवा काकांना विचारून भागत नाही. मुलाच्या आतलं मोठ्यांना कमीच दिसतं, चौचिलात दिसलं नाही, आमच्या घरी दिसलं नाही, माझ्या वर्गात मलाही दिसलं नाही. ठाकर, कातकरी मुलांना त्यांच्या बोलीत विचारा. 'भीती वाटते का' याला आमच्याकडची मुलं मान हलवून नाहीच म्हणतात. 'पाऊस आला की काय करतोस' असं विचारलं, की सांगू लागतात.

ज्यांना उपचार लागतील, त्यांच्यापर्यंत उपचार चालत गेले पाहिजेत. त्या मुलाला मी जिल्ह्याच्या ठिकाणी समुपदेशनाला पाठवलं होतं. जायला तीन तास, यायला तीन. प्रत्येक फेरीला काकांचा रोज बुडायचा. दोन फेऱ्यांनंतर ते थांबले आणि मी त्यांना दोष देऊ शकले नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातलं माणूस आठवड्यातून एकदा शाळेत आलं असतं, शिकवलेल्या बाईंवर देखरेख ठेवली असती, तर त्या बारा बैठका मधल्या सुट्टीनंतर पूर्ण झाल्या असत्या. आईबाप दोघंही गेलेली मुलं पुढं आश्रमशाळेत जातात. तिथं त्यांची गोष्ट ऐकून घेणारं मोठं माणूस म्हणजे अधीक्षिका. शंभरावर मुलींचं सगळं पाहणाऱ्या त्या बाईला हे काम वरून लादू नका. त्यासाठी तिला वेळ द्या, शिकवा, आणि तिचं ऐकून घेणारंही कुणी असू द्या.

आणि नोंद ठेवा. महाराष्ट्रानं इतकी लेकरं ढिगाऱ्यातून बाहेर काढली, पण ती दहा वर्षांनी कशी होती, हे सांगणारा अभ्यास मी शोधूनही मला मिळाला नाही. ओडिशाच्या मुलांबद्दल मी आकडा देऊ शकले. माझ्या स्वतःच्या गावाबद्दल माझ्याकडे फक्त भावाच्या शेंगा आहेत. एखादं वैद्यकीय महाविद्यालय, एखादी समाजकार्याची संस्था यांना हे काम द्या. पालकांची संमती घेऊन, मुलांची नावं झाकून, निदान पाच वर्षं मागोवा घ्या. कोणती मदत लागू पडली, कोणती वाया गेली, हे आपल्या मातीतलं आपल्याला कळेल.

शाळा १५ जूनच्या सुमारास उघडते. प्रशिक्षण त्याआधी, मे अखेरीला ठेवलंत, तर मी सुट्टी सोडून यायला तयार आहे, आणि आमच्या केंद्रातल्या आणखी पाच जणींनी यायचं कबूल केलं आहे.

तो मुलगा यंदा सहावीला दुसऱ्या शाळेत गेला. पाऊस आला की अजून दप्तरात चपला घालतो. दाराजवळची जागा त्याला द्या आणि चपलांवरून रागावू नका, एवढं त्याच्या नव्या बाईंना मी सांगून आले आहे.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका
जिल्हा रायगड